धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे?

संकटात सापडलेल्या माणसाला 'धीर धर' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. धीर धरायचा कसा, हे सांगणारे थोडे. खरे तर धीर ही काही थोड्यांनाच मिळालेली जन्मजात देणगी नव्हे. साध्या साध्या सवयींतून तो घडवता येतो.

'धीर धरा', 'सगळे ठीक होईल', 'देवावर विश्वास ठेवा.' दुःखाच्या घरी गेलेला प्रत्येक जण यांपैकी एखादे वाक्य बोलतोच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. जिचा नवरा पक्षाघाताच्या झटक्याने अंथरुणाला खिळला आहे, त्या गृहिणीला पक्के ठाऊक असते की, उद्या सकाळी सगळे ठीक झालेले नसेल. वीस वर्षे ज्या कारखान्यात घाम गाळला त्याला टाळे लागलेले पाहून घरी परतलेल्या माणसाला घराचा हप्ता आणि मुलीची फी डोळ्यांसमोर दिसत असते. धीर धरायचा म्हणजे आता या घडीला नेमके काय करायचे, हा प्रश्न त्याला छळत असतो आणि त्याचे उत्तर कोणी देत नाही.

आपल्याकडे एक समजूत खोलवर रुजली आहे. काही माणसे म्हणे मुळातच खंबीर असतात आणि काही मुळातच हळवी. या समजुतीमुळे दोन तोटे होतात. जो स्वतःला हळवा समजतो, तो प्रयत्नच सोडून देतो. आणि ज्याला घरचे लोक खंबीर समजतात, त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून ते मोकळे होतात. त्यालाही आधार लागत असेल, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. स्वभावात फरक असतो, हे खरेच. पण मोठ्या आघातातून सावरलेल्या माणसांची आयुष्ये जवळून पाहिली, तर त्यांच्याजवळ काही अलौकिक मनोबल होते असे दिसत नाही. दिसतात त्या तीन साध्या गोष्टी: स्वतःशी बोलण्याची एक रीत, हातात घेतलेले एखादे छोटे काम आणि जवळचे एखादे भरवशाचे माणूस.

रडणे म्हणजे खचणे नव्हे

या तीन गोष्टींकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. मन खंबीर असणे म्हणजे डोळ्यांत पाणी न येणे, असे अनेकांना वाटते. विशेषतः पुरुषांना लहानपणापासून हेच शिकवले जाते. नोकरी गेलेला माणूस महिनाभर घरी काही न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो, तो याच शिकवणुकीपायी.

आपल्या जुन्या रीतिरिवाजांना ही गोष्ट जास्त चांगली कळत होती. मृत्यू झालेल्या घरी पहिले काही दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी आणि नातलग पिठले-भात करून पाठवतात. दुखवट्याला माणसे येतात, घरातली बाई प्रत्येकाजवळ तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगते आणि पुन्हा पुन्हा रडते. दुःखाला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा लागतो, हे शहाणपण या रीतीत आहे. तेरा दिवसांनंतर मात्र घरातील माणसे हळूहळू कामाला लागतात. दुःख तेवढ्यात संपत नाही. पण दुःखाच्या जोडीने जगणेही सुरू झाले पाहिजे, याची ती आठवण असते.

मृत्यूच्या बाबतीत जे आपण मान्य करतो, ते इतर आघातांच्या बाबतीत करत नाही. मोडलेले लग्न, बुडालेला धंदा, हुकलेला प्रवेश यांसाठी कोणी दुखवट्याला येत नाही. 'त्यात काय एवढे?' म्हणून विषय संपवला जातो. अशा वेळी काही दिवस मन भरून येऊ देणे, कोणाजवळ तरी मोकळे होणे, यात कमीपणा नाही. दडपलेले दुःख कुठे ना कुठे बाहेर पडतेच. कधी ते मुलांवर निघते, कधी बाटलीत शिरते.

सगळा खेळ एका 'च'चा

आता पहिली गोष्ट. संकट आल्यावर आपण स्वतःशी काय बोलतो?

अमेरिकेतील मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये एक उपचारपद्धती मांडली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती या नावाने ओळखली जाते. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवण्यासाठी अनेक वर्षे खर्ची घातली. या पद्धतीचे सार सोपे आहे. घटना घडते आणि आपल्याला त्रास होतो, असे आपल्याला वाटते. पण या दोहोंच्या मध्ये आणखी एक पायरी असते. त्या घटनेविषयी आपण स्वतःला काय सांगतो, ती ही पायरी. घटना बदलणे आपल्या हाती नसते. मधली पायरी पुष्कळशी असते.

मराठी भाषेत ही पायरी ओळखणे फार सोपे आहे, कारण ती बहुधा एका अक्षरात लपलेली असते. ते अक्षर म्हणजे 'च'. 'माझ्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळायलाच हवा होता.' 'एवढे केल्यावर सुनेने माझे ऐकायलाच पाहिजे.' 'माझ्यावर असा प्रसंग यायलाच नको होता.' या प्रत्येक वाक्यातला 'च' काढून पाहावा. 'मुलाला प्रवेश मिळाला असता तर फार बरे झाले असते. मिळाला नाही, याचे वाईट वाटते.' दुःख इथेही आहे, पण हे वाक्य पुढच्या प्रश्नाकडे जाऊ देते: मग आता काय करता येईल? 'मिळायलाच हवा होता' हे वाक्य माणसाला कुठेच जाऊ देत नाही. जगाने आपला करार मोडला, असे म्हणत ते त्याच जागी फेऱ्या मारायला लावते.

'च'सारखेच आणखी दोन शब्द सांभाळून वापरावेत: 'कायम' आणि 'सगळे'. 'माझे सगळे संपले', 'आता हे कायमचे असेच राहणार.' परीक्षेत नापास झालेला मुलगा एका परीक्षेत नापास झालेला असतो. तो 'आयुष्यात नापास' झालेला नसतो. घरातील मोठ्यांनी मुलांसमोर बोलताना हे भान ठेवावे, कारण मुले अशी वाक्ये आपल्याच तोंडून उचलतात.

मात्र याचा अर्थ, सगळा दोष विचारांचा आहे असे कोणी समजू नये. ज्या घरात औषधाला पैसे नाहीत, त्या घराची अडचण खरी असते. 'मनाने खंबीर असती तर तिला त्रास झाला नसता' असे म्हणणे हा दुःखितावर दुहेरी अन्याय आहे. विचार बदलल्याने संकट नाहीसे होत नाही. संकटाशी झगडायला लागणारी शक्ती मात्र वाया जात नाही.

काय गेले आणि काय उरले?

दुसरी गोष्ट आहे हातात काहीतरी काम घेण्याची. त्यासाठी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या एका जवानाची कथा पाहण्याजोगी आहे.

मुरलीकांत पेटकर लहान वयात सैन्यात दाखल झाले. सैन्याच्या ईएमई विभागात ते नावाजलेले बॉक्सर होते. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. ज्याचे सारे आयुष्य पायांच्या चपळाईवर आणि मुठीच्या ताकदीवर उभे होते, त्याच्यावर ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीची वेळ आली. रिंगणात पुन्हा उतरणे आता शक्य नव्हते.

अशा क्षणी मन एकच यादी करत बसते: काय काय गेले याची. ती यादी खोटी नसते. पण तिच्या शेजारी दुसरी यादी लिहावी लागते: काय उरले याची. पेटकरांचे पाय गेले होते. पण खांदे, दंड, छाती आणि खेळाडूची शिस्त शाबूत होती. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि व्यायाम म्हणून सुरू झालेले पोहणे हळूहळू त्यांचा खेळ बनले. १९६८ मध्ये तेल अवीव येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. परदेशी जाण्याच्या खर्चाची अडचण आली, तेव्हा क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. पेटकरांच्या यशात हा वाटाही विसरता येणार नाही.

या कथेत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, पेटकरांनी आपले ध्येय आणि ते गाठण्याचे साधन यांत फरक केला. बॉक्सिंग गेले, पण खेळाडूपण गेले नव्हते. आपल्या घरांतही हे करता येते. नोकरी गेली म्हणजे कौशल्य गेले, असे होत नाही. हात थरथरू लागल्याने शिवणकाम थांबलेली आजी नातीला कापड बेतायला शिकवू शकते.

दुसरी गोष्ट टाळ्यांविषयी. हायडेलबर्गच्या सुवर्णपदकानंतर पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्या जीवनावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला २०२४ मध्ये. मधल्या काळात त्यांचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. लोक वाहवा करतील म्हणून जो उभा राहतो, तो लोकांनी पाठ फिरवताच पुन्हा कोसळू शकतो. उभे राहण्याचे कारण आपल्या स्वतःजवळ असावे लागते.

पहिले पाऊल छोटेच असावे

'काय उरले' याची यादी तयार झाली, तरी पहिले पाऊल टाकणे जड जाते. कारण आपण एकदम डोंगराकडे पाहतो.

नर्तिका सुधा चंद्रन यांचा १९८१ मध्ये तामिळनाडूत बसला अपघात झाला. तेव्हा त्या ऐन किशोरवयात होत्या. जखम चिघळली आणि त्यांचा उजवा पाय कापावा लागला. पुढे जयपूरचे डॉक्टर प्र. क. सेठी यांच्याविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला. सेठी यांनी कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासह 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय तयार केला होता. मांडी घालणे, उकिडवे बसणे, अनवाणी चालणे या आपल्या रोजच्या हालचाली ध्यानात घेऊन बनवलेला हा पाय अनेकांसाठी वरदान ठरला होता. सुधा यांनी काय केले? त्यांनी डॉक्टरांना एक पत्र लिहिले. नृत्याकडे परतण्याच्या प्रवासातले हे एक पहिले पाऊल: एक कागद आणि एक पोस्टाचे तिकीट.

त्यानंतर पाय मिळाला, पण चालणेही नव्याने शिकावे लागले. सरावात जखमा होत, रक्त येई. १९८४ मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढे त्यांच्याच जीवनावरील 'मयूरी' या तेलुगू चित्रपटात आणि नंतर हिंदीतील 'नाचे मयूरी'त त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. कथा सांगताना आपण अपघातावरून एकदम रंगमंचावर येतो. मधली जवळजवळ तीन वर्षे गाळून टाकतो. सावरणे घडते ते त्याच गाळलेल्या दिवसांत.

म्हणून संकटाच्या काळात रोजचे एक छोटे काम ठरवून घ्यावे आणि ते पार पाडावे. सकाळी ठरल्या वेळी उठून अंघोळ करणे, अर्धा तास चालणे, एक अर्ज लिहिणे, एका ओळखीच्या माणसाला फोन करून कामाविषयी विचारणे. कामे क्षुल्लक वाटतात, पण दिवसाच्या अखेरीस 'आज एवढे तरी झाले' असे म्हणता येते. आपल्या करण्याने काहीतरी हलते, हा अनुभव मनाला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. हताश मनाला उपदेशापेक्षा हा अनुभव लवकर पटतो.

एक तरी भरवशाचे माणूस

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित.

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी हाती घेतला. ही मुले चाळिशीला पोहोचेपर्यंत तो चालू होता. यांतील अनेक मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातील भांडणे, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार असे खडतर बालपण आले होते. अशा मुलांचे पुढे वाईटच होणार, असे कोणालाही वाटेल. पण त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश मुले कर्तबगार, समंजस आणि दुसऱ्यांची काळजी घेणारी माणसे झाली. यामागच्या कारणांत एक गोष्ट ठळकपणे दिसली. या मुलांना लहानपणापासून किमान एक तरी भरवशाचे मोठे माणूस लाभले होते. ते आई किंवा वडीलच होते असे नाही. कुठे आजी होती, कुठे मावशी, कुठे शेजारीण, कुठे शाळेतल्या बाई.

म्हणजे ज्याला आपण एकट्याचे मनोबल म्हणतो, त्याची मुळे पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगणात असतात. ही गोष्ट दिलासा देणारी आहे आणि जबाबदारी टाकणारीही. दिलासा असा की, मदत मागणे हा दुबळेपणा नाही. जबाबदारी अशी की, आपल्या भावंडांत, शेजारात, नात्यात जो आज अडचणीत आहे, त्याच्यासाठी ते एक माणूस आपण होऊ शकतो.

त्यासाठी फार बोलावे लागत नाही. उलट कमीच बोलावे. 'काही लागले तर सांग' असे म्हणून निघून येण्यापेक्षा 'उद्या मुलांना शाळेतून मी आणते' असे म्हणावे. 'माझ्या नणंदेचे तर याहून वाईट झाले होते' ही तुलना टाळावी. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. खरी गरज तिसऱ्या महिन्यात असते, तेव्हा आठवणीने जावे.

कधी कधी ही मदत समजुतीपेक्षा व्यवहाराची असते. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला करून दिला. त्या बायका कष्टाळू आणि जिद्दी आधीही होत्याच. फरक पडला तो शेजारी कोणीतरी उभे राहिल्यामुळे.

तयारी सुखाच्या दिवसांत

पावसाळ्यापूर्वी छपराची कौले चाळून घेतात, तशी मनाची आणि घराची थोडी तयारी चांगल्या दिवसांत करता येते. मुलांच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलण्याचा मोह पालकांनी आवरावा. वही घरी विसरली म्हणून लगेच शाळेत धावू नये. एखादी शिक्षा, एखादा पराभव, एखादा 'नाही' त्यांना पचवू द्यावा. लहान अपयशे पचवलेले मूल मोठ्या अपयशाने सहसा कोलमडत नाही.

नवरा-बायको दोघांनाही घरच्या व्यवहाराची माहिती असावी. विमा किती आहे, बँकेत वारस म्हणून कोणाचे नाव आहे, कागदपत्रे कोठे ठेवली आहेत, हे एकालाच ठाऊक असले की आघाताच्या वेळी दुसऱ्याची तारांबळ दुप्पट होते. हे बोलणे अशुभ नव्हे. ती एकमेकांची काळजी आहे. आणि जवळची चार माणसे सुखातही जोडून ठेवावीत. वर्षानुवर्षे ज्यांची विचारपूस केली नाही, त्यांचे दार अडचणीत ठोठावणे अवघड जाते.

तरीही काही वेळा हे सगळे पुरे पडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक हरपली, कशातच मन रमेनासे झाले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते मनाचे दुबळेपण समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज कसली? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य असून त्यावर मराठीतूनही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर दोन आठवडे थांबू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी.

तेव्हा यापुढे कोणाला 'धीर धर' म्हणायची वेळ आली, तर तेवढ्यावर थांबू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि उद्याचे एक छोटे काम त्याच्यासोबत ठरवावे. आणि ती वेळ स्वतःवर आली, तर रडून घ्यावे, काय उरले ते एका कागदावर लिहावे आणि ज्याच्यावर आपला भरवसा आहे अशा एका माणसाला त्याच संध्याकाळी हाक मारावी.